निष्ठा

मनात घट्ट धरलेल्या, सहजी न सुटणाऱ्या विश्वासाला मराठीत निष्ठा म्हणतात. ‘स्था’, म्हणजे उभे राहणे, या संस्कृत धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून हा शब्द झाला. प्रतिष्ठा, अनुष्ठान, अधिष्ठान हे शब्दही त्याच धातूचे. श्रद्धेची घडण वेगळी आहे. तिच्यात ‘धा’, म्हणजे ठेवणे, हा धातू आहे. श्रद्धा कशावर तरी ठेवली जाते. निष्ठेत माणूस स्वतः कुठेतरी उभा असतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा प्रश्न याच भेदावर उभा आहे: शास्त्रविधी सोडून, पण श्रद्धेने यजन करणाऱ्यांची निष्ठा कोणती? श्रद्धा आहे हे गृहीत धरूनही निष्ठेची विचारणा उरतेच.

संस्कृतात या शब्दाला शेवट, पूर्णता असाही अर्थ आहे. पाणिनीने ‘क्त’ आणि ‘क्तवतु’ या दोन प्रत्ययांना ‘निष्ठा’ हीच संज्ञा दिली. कृत, गत, भुक्त ही रूपे त्यांपैकी पहिल्याची. ती बहुधा होऊन गेलेली क्रिया सांगतात. व्याकरणातली ही संज्ञा आणि मनातली निष्ठा यांचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. तरी मराठी वापरातही या शब्दाचा ओढा बोलण्यापेक्षा केलेल्या गोष्टीकडेच आहे. ‘निष्ठेने’ हे क्रियाविशेषण कामाला लागते. वर्षानुवर्षे आषाढीला पायी पंढरपूर गाठणाऱ्या वारकऱ्याला कुणी सिद्धांत विचारत नाही. गळ्यातली तुळशीची माळ, पाळलेली एकादशी आणि न चुकवलेली वारी एवढ्यावरून त्याला निष्ठावंत म्हटले जाते.

क्रियापदांची निवडही बोलकी आहे. मत मांडले जाते आणि बदलते, समज दूर होतो, विश्वास उडतो. निष्ठा मात्र बाळगली जाते, आणि गेलीच तर ती ढळते. ढळते ते, जे आपल्या जागी उभे होते. मत बदलल्याचे माणूस मोकळेपणाने सांगतो, निष्ठा ढळल्याचे सांगताना त्याचा आवाज खाली येतो. ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘व्यक्तिनिष्ठ’ या जोडीत मात्र भक्तीचा किंवा इमानाचा काही संबंध नाही. तिथे ‘निष्ठ’ म्हणजे फक्त ‘त्या ठिकाणी असलेले’. न्यायशास्त्राच्या परिभाषेतून आलेला हा वापर आहे. ‘विज्ञाननिष्ठ’, ‘बुद्धिनिष्ठ’ या शब्दांत दोन्ही छटा मिसळल्या आहेत, म्हणून ते वापरताना अधिक काळजी हवी.

निष्ठा तत्त्वावर असते तशी व्यक्तीवर किंवा सत्तेवरही असते, आणि शब्दाची खरी ओढाताण इथे होते. ब्रिटिश अमदानीत ‘राजनिष्ठा’ हा रोजच्या वापरातला शब्द होता. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव हीसुद्धा अप्रीतीच, असा कायद्याचा अर्थ लावला. म्हणजे विरोध न करणे पुरेसे नव्हते. मनातही जिव्हाळा हवा होता. निष्ठा अशी वरून मागितली गेली की तिच्यातले ‘उभे राहणे’ संपते आणि वाकणे सुरू होते. आजच्या राजकारणात ‘निष्ठावंत’ हे विशेषण बहुतेक वेळा नेत्याला धरून राहिलेल्या कार्यकर्त्याला लावले जाते. तो कोणत्या विचाराला धरून आहे, हे विचारलेही जात नाही. शब्दाचे हे आकसणे दुःखद आहे, कारण महाराष्ट्राने या शब्दाचा मोठा अर्थ जगलेली माणसे पाहिली आहेत.

गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे १८८१पासूनचे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद झाले, तेव्हा त्यांनी ते पत्र सोडले आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढले. जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा निघाली, तरी लेखणी नरमली नाही. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडली. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला ते हरले, मासिक सुरू राहिले.

अशा वागण्याला विरोधक हट्ट म्हणतात, हेका म्हणतात, दुराग्रह म्हणतात. बाहेरून ही सगळी सारखीच दिसतात, कारण माणूस हलत नाही एवढेच दिसते. फरक कारणांत सापडतो. आगरकर आणि कर्वे आपल्या म्हणण्याची कारणे देत, आक्षेपांना उत्तरे देत. हेकेखोराला कारण विचारले की राग येतो. शिवाय निष्ठेची किंमत निष्ठावान स्वतः मोजतो. दुराग्रहाची बहुधा इतरांना मोजावी लागते. मात्र धरलेली गोष्ट खरी आहे याची हमी निष्ठा हा शब्द देत नाही. चुकीच्या गोष्टीवरही तितकीच अढळ निष्ठा असू शकते.

म्हणूनच बदल आणि निष्ठा यांना एकमेकांचे वैरी मानणे बरोबर नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, वाटाघाटींची, पर्याय तपासण्याची होती. रूढ शब्दात ही घटना धर्मांतराची आहे. पण महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ज्या समतेसाठी ते उभे राहिले, तिच्यावरची निष्ठा या सगळ्या काळात ढळली नव्हती. जन्माने मिळालेला धर्म त्यांनी सोडला तो तिच्यासाठीच.