जगदीश्वराची पायरी

२००१ साली अण्णांबरोबर रायगड चढलो, तेव्हा गळ्यात रोलचा कॅमेरा. मोजून ३६ फोटो, आणि रोल धुऊन येईतो ते कसे आले ते देवच जाणे! महादरवाजा, होळीचा माळ, टकमक टोक करीत जगदीश्वराच्या देवळाशी पोचलो, तो एकच फोटो उरलेला. तिथल्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरले आहे. नेमके तिथेच अण्णा दम खात बसलेले. “अण्णा, जरा बाजूला सरता?” ते निमूट सरले.

२००८ मध्ये, अण्णा गेल्यावर, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन पुन्हा गेलो. त्याची ऐट काय सांगावी! फोटो लगेच पाहावा, नको तो पुसावा. एकट्या त्या पायरीचे तीसेक काढले. अक्षरे लख्ख आली. बाजूला सरा म्हणावे असे कुणी नव्हते.