वर कुठं, खाली कुठं

माझ्या माहेरी, साताऱ्यात, पत्ता सांगताना कुणी पूर्व-पश्चिम म्हणत नाही. वर आणि खाली एवढ्या दोन दिशांवर सगळं गाव चालतं. राजवाड्यावरून वर समर्थ मंदिर, खाली पोवई नाका. कॉलेजला असताना पोवई नाक्याकडे जाताना सायकलला पायडल मारावं लागायचं नाही आणि येताना ती हातात धरून ढकलत आणावी लागायची. चुकण्याचा तर प्रश्नच नव्हता. मान वर केली की अजिंक्यतारा. रात्रीसुद्धा गडावरच्या टॉवरचा लाल दिवा दिसायचा.

लग्नानंतर पहिली तीन वर्षं आम्ही पिट्सबर्गला होतो. थंडीने जीव नकोसा केला, पण गाव परकं वाटलं नाही. तिथे डोंगर आहेत, आणि डोंगराच्या अंगावर घरं. शहरात सार्वजनिक जिनेच सातशेच्या वर. काही जिने तर सरकारदरबारी चक्क रस्ते म्हणून नोंदलेले. टेकडीवर चढायला १८७० सालापासून चालणारी उतरती रेल्वे अजून आहे. कँटन अव्हेन्यू नावाच्या एका बोळाचा चढ ३७ टक्के आहे. म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सदतीस फूट वर. नवऱ्याने हौसेने मला तिथे नेलं, तर मी म्हटलं, यवतेश्वरच्या पायवाटेसारखंच आहे की!

मग प्लेनो.

आपल्या गावाच्या नावाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. १८५० च्या सुमारास इथल्या लोकांना गावाला अध्यक्ष फिलमोर यांचं नाव द्यायचं होतं, टपाल खात्याने ते नाकारलं. मग डॉ. हेन्री डाय यांनी 'प्लेनो' सुचवलं. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ माळरान, असा त्यांचा समज. माळाला खरं तर 'यानो' म्हणतात. 'प्लानो' म्हणजे नुसतंच सपाट. तर आपण सगळे सपाटपूरचे रहिवासी. पहिल्या वर्षी मला हे नाव तंतोतंत पटलं. मैला-मैलावर काटकोनात रस्ते: कस्टर, इंडिपेंडन्स, कोइट, प्रेस्टन, आडवे पार्क, पार्कर, स्प्रिंग क्रीक, लेगसी. आणि सगळीकडे आकाशच आकाश. मी भूगोलात एम.ए., पाच वर्षं नववी-दहावीला शिकवलेलं, पण जीपीएस बंद पडला की माझी दिशा हरवायची. कशाच्या आधाराने शोधायची?

आई गेल्यानंतर गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा आले. सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते, पण त्यांनी इथेच राहावं असं आमच्या मनात होतं. वकिलाकडे चौकशीही करून ठेवली होती. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. वय बहात्तर, रोज पहाटे चार भिंतीपर्यंत चढून जाणारा माणूस. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "इथं वर कुठं आणि खाली कुठं गं?" मी हसण्यावारी नेलं.

पाचव्या दिवशी ते हरवले. सकाळी फिरायला गेले आणि येताना घरांच्या मागच्या अ‍ॅलीत शिरले. त्या अ‍ॅली तुम्हाला माहीतच आहेत. दोन्ही बाजूंना एकसारखी लाकडी कुंपणं, एकसारखी गॅरेजची दारं. फोन जवळ होता. मी विचारलं, "कुठं आहात? काय दिसतंय?" तर म्हणाले, "डावीकडं कुंपण, उजवीकडं कुंपण, समोर आकाश." चाळीस मिनिटं मी गाडी घेऊन फिरत होते. सापडले तेव्हा रस्त्याच्या कडेला बसले होते, आमच्या घरापासून चौथ्या गल्लीत. "घाबरलो नव्हतो," म्हणाले. पाण्याची बाटली मात्र त्यांना दोन्ही हातांनी धरावी लागत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताला पाणी पोचवलेला माणूस स्वतःच्या लेकीच्या घरी पोचू शकला नाही, हे त्यांना लागलं. त्यानंतर आठ दिवस ते दाराबाहेर पडले नाहीत. नवरा म्हणाला, आपण त्यांना पटेल मोटेलसारखं ठेवलंय, खोली आणि नाश्ता. मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

मग जूनमध्ये एका दुपारी धो धो पाऊस झाला. बाबा मागच्या दारात उभे राहून अ‍ॅलीतलं पाणी बघत होते. इथल्या अ‍ॅलीचं काँक्रीट मध्ये खोलगट असतं, त्यातून पाणी ओढ्यासारखं निघालं होतं. पाऊस ओसरल्यावर त्यांनी छत्री घेतली आणि पाण्याच्या मागे मागे निघाले. मी पायात सपाता अडकवून त्यांच्या मागे. अ‍ॅली संपली, कोपऱ्यावर जाळी आली. ते रस्ता ओलांडून पुढे, थेट ओढ्यापर्यंत. तिथे थांबून म्हणाले, "हे घे तुझं खाली." परत येताना मला वाट दाखवत तेच पुढे. "कालव्याला मैलाला फूटभर उतार दिला तरी पाणी जातं," म्हणाले. "इथं त्याच्या कितीतरी पट आहे. हे गाव सपाट कुणी ठरवलं?"

त्या दिवसापासून ते रोज सकाळी 'खाली' जायचे आणि 'वर' यायचे. पुन्हा कधी चुकले नाहीत.

मी मात्र ओशाळले. समोच्च रेषा फळ्यावर काढून काढून हात दुखेपर्यंत शिकवलेल्या, आणि स्वतःच्या गल्लीचा उतार मला दिसला नव्हता. रात्री गावाचा उंचसखल नकाशा उघडून बसले. पश्चिमेचं पाणी व्हाइट रॉक क्रीकला जातं, पूर्वेचं रोलेट क्रीकला, आणि दोन्ही शेवटी ट्रिनिटी नदीला मिळतात. ज्या प्रेस्टन रोडवर आपण किराणा आणायला जातो, तो खडूच्या दगडाच्या एका लांब कण्यावरून जातो. जुनी पायवाट ती. पुढे गुरांचे कळप त्याच वाटेने उत्तरेला हाकले जायचे. वाट उंचावरूनच का? कारण खाली ओढे आणि आपली ती सुप्रसिद्ध काळी माती. बैलगाडी रुतायला एक पाऊस पुरे. बाबांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. पुढच्या रविवारी जावयाला म्हणाले, "चला, तुमच्या घाटमाथ्यावर नेऊन आणा."

काळ्या मातीशी त्यांचं जुनं नातं. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी घालायला पाइप का अंथरतात ते त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. ऑक्टोबरात त्यांनी नातीला घेऊन मागच्या अंगणात त्याच मातीचा अजिंक्यतारा केला. वर मंगळाईचं देऊळ, खेळण्यातला लाल दिवा काढून टॉवर, उतारावर पेरलेली मोहरी. अडीच फुटांचा. आमच्या गल्लीतला सगळ्यात उंच डोंगर.

राहण्याचं विचारलं तेव्हा मोहरीवर पाणी शिंपडत म्हणाले, "इथला चढ मला मोजावा लागतो गं. तिथला गुडघ्याला आपोआप कळतो." मी भांडले. एकटे कसे राहाल, पडलात तर कोण बघेल, सगळं म्हणून झालं. ते ऐकत राहिले आणि नोव्हेंबरात गेले. वकिलाचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत.

आता ते चार भिंतीवरून व्हिडिओ कॉल करतात, इथे रात्र असते तेव्हा. मी श्वास ऐकते, गेल्या महिन्यापेक्षा जास्त लागतोय का ते. काठी घेतली आहे, पण ती कॅमेऱ्यात येऊ देत नाहीत.

लेकीने यंदा एकटीनेच किल्ला करायचा ठरवलाय. माती मात्र उन्हाने दगड झालीये, खुरपं आत जात नाही. रविवारपासून तिथे पाइप सोडून ठेवला आहे.