फाशांच्या खेळातील सूत्रधार आणि त्याची बिदागी

अमेरिकेत मेजाभोवती बसून खेळावयाचा एक कथाखेळ आहे. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा ह्या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्या दोघांच्या नावे तो प्रसिद्ध झाला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. एका पेटीत तीन पुस्तिका, मूल्य १० डॉलर आणि पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची. पेटी एकदा घेतली की मंडळींनी वर्षानुवर्षे खेळावे, आणखी कोणास काही द्यावयाचे नाही, अशी ती व्यवस्था होती. आता मात्र ह्या खेळाच्या बैठकीस शुल्क घेऊन बसविणारे लोक निघाले आहेत व ते त्यावर आपला चरितार्थही चालवू पाहतात. ही वार्ता कानी आली तेव्हा आम्ही थोडे दचकलो, हे सांगितलेच पाहिजे.

खेळाचे स्वरूप वाचकांस थोडक्यात सांगतो. चारपाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण मात्र कोणतीच एक भूमिका घेत नाही, तो सूत्रधार. समोर अरण्य आहे, पडका किल्ला आहे, दारात राक्षस उभा आहे, असे तो वर्णन करतो. खेळणारा म्हणतो, "मी दार फोडतो." मग वीस पैलूंचा फासा टाकावयाचा, आणि दार फुटले की खांदा निखळला हे त्या आकड्यावरून ठरावयाचे. ह्या सूत्रधाराचे मूळ पुष्कळ जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळ चालत असे. त्यात दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून निकाल देणारा एक पंच असे. त्याने कोणाचाही पक्ष घ्यावयाचा नाही, ही त्या पदाची पहिली अट.

आमचा एक नातू दर रविवारी पहाटे उठून संगणकासमोर बसतो. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. बैठकीचे तो १५ डॉलर देतो, म्हणजे हजार रुपयांहून अधिक. "फुकट खेळवणारा कोणी मिळत नाही का रे?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "आजोबा, खेळायला सगळे तयार असतात, खेळवायला कोणी नसतो. तुम्ही एकदा जवळ बसून पाहा." म्हणून तीन रविवार आम्ही बसलो.

त्या गृहस्थांचे श्रम पाहून आम्हांस आमच्या कीर्तनकारांची आठवण झाली. भटारखान्यातील म्हातारी, उर्मट कोतवाल, भ्यालेले पोर, साऱ्यांचे आवाज तो एकटा काढीत होता. मागल्या महिन्यात कोण काय बोलले हे त्याच्या ध्यानात होते. एक मुलगी अर्धा तास गप्प होती, तिच्याकडे त्याने कथानकच हलकेच वळविले. परंतु कीर्तनकारास एक निश्चिंती असते. सीतास्वयंवराच्या आख्यानात धनुष्य मोडणार हे त्यास ठाऊक असते. येथे ऐन वेळी श्रोताच उठून म्हणू शकतो की, मी धनुष्याला हात लावणार नाही, मी तबेल्यात जाऊन घोडे सोडतो! आणि त्या घोड्यांचे पुढे काय, हे सूत्रधाराने तत्क्षणी सांगावयाचे.

पाच जणांचे १५ डॉलर म्हणजे ७५ होतात. बैठक चार तासांची, व तिची तयारी बहुधा तितकीच. हिशेब मांडला तर ही काही लूट नव्हे. २०२० साली टाळेबंदीत माणसे घरोघरी अडकली. त्याच वर्षी 'स्टार्टप्लेइंग' नावाचे संकेतस्थळ निघाले व तेथे असे सूत्रधार आपापले दर लावून बसू लागले. पैसा आला की मैत्रीचा खेळ नासला, असे काही जुने खेळगडी म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. हरिदासास बिदागी दिल्याने हरिकथा कधी नासली नाही. भेद आहे तो निराळा. आपल्याकडे आरतीचे तबक फिरते, त्यात कोणी नोट टाकतो, कोणी नुसता हात जोडतो, आणि आख्यान दोघांनाही सारखेच ऐकू येते. तिकडे शुल्क न दिल्यास जागाच नाही.

खरी धास्ती पुढेच आहे. ज्याने पैसे मोजले त्याच्या पात्राला मरू द्यावयाचे की नाही? मेले तर गिऱ्हाईक रुसेल, जागा रिकामी पडेल. नातवाने पूर्वी एक मेज सोडले ते ह्याच कारणासाठी. तेथील सूत्रधार फासे आडोशाने टाकी व प्रत्येक संकटातून प्रत्येकास सुखरूप काढी. सध्याचा गृहस्थ फासा सर्वांदेखत टाकतो. तिसऱ्या रविवारी नातवाचा सात महिन्यांचा मांत्रिक दरीत पडून मेला. पोरगा पाव तास बोलला नाही. पुढल्या बैठकीचे पैसे मात्र त्याने त्याच दिवशी भरले.

पैसे देऊन भूमिका करण्याची रीत आपल्या गोव्यास काही नवी नाही. आमच्या गावी जत्रेतील उत्सवी नाटकात नटांनीच वर्गणी काढावयाची, पडदे, पोशाख, पेटीवाला सारे त्यातून भागवावयाचे. एके काळी ज्याची वर्गणी मोठी त्यास कृष्ण मिळे. मग कृष्णाचा सूर लागो वा न लागो, तालीम मास्तरांनी मान खाली घालून पेटीकडे पाहावयाचे. काही वर्षांपूर्वी महाजनांनी ठरविले की, वर्गणी सर्वांची सारखी व पात्रांची निवड एकट्या मास्तरांची. दोघे जण रागावून निघून गेले, पडदेही त्या वर्षी जुनेच लावावे लागले. कृष्ण तेव्हापासून आमच्या पोस्टमनाकडे आहे. आपली वर्गणी तो हप्त्याने देतो.