कीर्तनातली झोप



भीमाशंकरच्या डोंगराला लागून, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला आमचं गाव. चाळीस वर्षं सप्ताहांतून रात्री नऊ ते अकरा कीर्तन केलं आणि पहाटे चारला काकड्याला उभा राहिलो. आता आवाज बसला, वीणा खुंटीला लागली; पण देहाची जागायची सवय सुटेना. त्यात मंडळी वैकुंठवासी झाली. रात्रीचं घर खायला उठू लागलं.

नातवाने उशाशी ट्रान्झिस्टर आणून ठेवला. आमच्याकडे डोंगराआड एफएम धरत नाही. मध्यम लहरी मात्र जमिनीला धरून येतात. ७९२ किलोहर्ट्झवर पुणे आकाशवाणी लागते. रात्र चढली की आभाळातून परतणाऱ्या लहरींबरोबर दूरदूरची केंद्रंही खरखरत डोकावतात. आवाज अगदी बारीक ठेवतो. बातम्या लागल्या तर मन उठून बसतं. तोंडपाठ अभंग लागला की पुढच्या चरणाची वाट पाहावी लागत नाही. ध्रुपद दुसऱ्यांदा येईतो डोळा लागतो.

पण टोचणी लागली. जन्मभर लोकांना जागं राहा म्हणून सांगितलं, आणि आपणच नामाची अंगाई करावी? १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा लोक रेडिओला हार घालून समोर बसत, असं वडीलधारी सांगत. मी मात्र पांघरूण घेऊन ऐकतो!

अशाच एका रात्री जुनी गोष्ट आठवली. श्रावणातला सप्ताह होता. पुढच्या रांगेत एक म्हातारबाबा डुलक्या घेत होते. मी चाल थांबवून म्हणालो, "बाबा, झोपायचं तर घरी जा, देवाच्या दारात कशाला आलात?" मंडप हसला. बाबा धोतर सावरत उठले आणि निघून गेले. मागून कळलं, दिवसभर चिखलात वाकून भाताची आवणी केली होती, आणि तसेच दोन कोस चालत आले होते. पुढच्या सप्ताहाला ते दिसले नाहीत. मीही चौकशी केली नाही.

आज कळतं, ते कंटाळून झोपले नव्हते. विठाईला आपण माउली म्हणतो. दमलेलं लेकरू आईचा आवाज ऐकतच झोपतं. त्या लेकराला मी मांडीवरून उठवलं. हे मला पोथीने शिकवलं नव्हतं असं नाही, पण कळलं ते स्वतःची झोप उडाल्यावर.

एकादशीला मात्र रेडिओ बंद असतो. त्या रात्री जागर. जमेल तेवढा बसून हरिपाठ म्हणतो. बाकीच्या रात्री लाज वाटत नाही.

यंदाच्या सप्ताहात मी श्रोत्यांत बसलो होतो. शेजारचे गृहस्थ पेंगत माझ्या खांद्यावर कलले. तरुण महाराजांची नजर इकडे वळली, तशी मी हलकेच मान हलवली आणि माझं उपरणं त्यांच्या अंगावर घातलं. महाराजांनी पुढचं चरण घेतलं.