भरतपूरला जाताना गळ्यात कोणती दुर्बीण?

जानेवारीतली सकाळ. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी सायकलरिक्षांची रांग लागलेली आणि धुके इतके दाट, की पुढच्या रिक्षाची घंटी ऐकू येते, रिक्षा दिसत नाही. ठाण्याहून आलेले एक निवृत्त जोडपे शाली लपेटून बसले आहे. बरोबर भाचा. मामांच्या गळ्यात निकॉनची मोनार्क एम ७ दुर्बीण, किंमत ४० हजारांच्या आसपास. भाच्याच्या गळ्यात ऑस्ट्रियाच्या स्वारोव्हस्कीची एनएल प्युअर, जिला २ लाखांहूनही अधिक मोजावे लागतात. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून तसलीच घ्यावी, असे मामांच्या मनात आहे. आपल्या दुर्बिणीतून धूसर दिसते, ही त्यांची वर्षभराची तक्रार. मामींना हा खर्च मुळीच पसंत नाही.

धुक्यात दोन्ही दुर्बिणी सारख्याच आंधळ्या! तेव्हा सकाळी लवकर पोचूनही दहापर्यंत चहाच प्यायची तयारी ठेवावी.

ऊन पडले की मात्र भरतपूर उलगडते. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पाणथळीचे सुख असे, की बांधावरच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी आणि पक्षी अगदी जवळ. पंख वाळवत बसलेला तिरंदाज, पाण्यात चोच फिरवणारे चमचे, बाभळींवर चित्रबलाकांची घरटी आणि पिल्लांचा कलकलाट. इथे दोन्ही दुर्बिणी ८ बाय ४२ च्या, म्हणजे ८ पट मोठे दाखवणाऱ्या आणि ४२ मिलिमीटर भिंगाच्या. १० पटीची दुर्बीण घेण्याचा मोह अनेकांना होतो. पण हात थरथरला की चित्रही तितकेच जास्त थरथरते.

मग दीड-दोन लाख जास्तीचे कशाचे? हजार मीटरवर मोनार्कमधून १४५ मीटर रुंदीचा देखावा मावतो, एनएलमधून १५९ मीटर. आणि चित्र कडेपर्यंत रेखीव राहते. खरा फरक उन्हाकडे तोंड करून पाहताना कळतो. सूर्यासमोरच्या फांदीवरचा पक्षी मध्यम दुर्बिणीत जरा फिकट, पांढुरक्या पडद्याआडून पाहावा तसा दिसतो. महागडीत त्याच्या छातीवरच्या रेघाही मोजता येतात. वाळक्या पानांत रिक्षावाल्याने दाखवलेला रातवा मोनार्कमध्ये पानांचा ढीग वाटला. एनएलमध्ये त्याच्या मिटल्या डोळ्याची फट दिसली. उलट वजन पाहा : मोनार्क ६७० ग्रॅम, एनएल ८४० ग्रॅम. दिवसभर गळ्यात वागवायची म्हटल्यावर मानेला हा फरक चांगलाच जाणवतो. चष्मा लावणाऱ्या मामींनी डोळ्यांकडच्या रबरी कडा फिरवून आत घेतल्या. दोन्हींतून त्यांना पुरेपूर दिसले.

दुपारी केवलादेवाच्या देवळाजवळ शिदोऱ्या सुटल्या. तिथल्या शिळांवर संस्थानी शिकारींचे आकडे कोरले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हॉइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. सायबेरियन क्रौंच मात्र बंदुकी थांबल्यावरही टिकले नाहीत. २००२ नंतर इथे त्यांचे दर्शन नाही.

जेवण झाल्यावर मामांची तक्रार पुन्हा सुरू झाली. रिक्षावाल्याने दुर्बीण मागून घेतली, पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, शीशा तो बढ़िया है. सेट किया है कभी?"

उजव्या नेत्रिकेवरची ती कडी मामांनी कधी फिरवलीच नव्हती. हे पुष्कळांचे होते. हजारो रुपयांची दुर्बीण या एका कडीपायी वाया जाते. रीत सोपी. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करायची. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजवीकडची कडी पाटी स्पष्ट होईपर्यंत फिरवायची. आपल्या दोन डोळ्यांतला फरक तेवढ्याने भरून निघतो.

मामांना डाव्या डोळ्याने पाटी लख्ख दिसली. उजव्याने दिसेना. कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झाली, तरी अक्षरे दुधात भिजल्यासारखी. भाच्याने आपली एनएल पुढे केली. तिच्यातही तेच.

"मामा, माझ्या दुर्बिणीतून पण?" भाच्याने विचारले. मामांनी नुसती मान हलवली.

"अहो, वर्षभर दुर्बिणीला नावे ठेवताय," मामी म्हणाल्या, "डॉक्टरांना डोळा दाखवलात का?"

मामा गप्प. मामींनी पर्समधली छोटी वही काढून ठाण्याला परतल्यावरच्या कामांत सर्वांत वर डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव घातले. परतीच्या वाटेवर मोनार्क त्यांच्याच गळ्यात होती. सूर्य कलला होता, चित्रबलाकाचे पिल्लू आईच्या चोचीत चोच खुपसत होते. मामांनी एकदा "बघू जरा" म्हणून हात पुढे केला.

"थांबा हो, तो मासा गिळतोय," मामी म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याने न सांगताच रिक्षा थांबवली.