महावृक्षांच्या घरी

मैत्रिणींनो, कॅलिफोर्नियात मुलांना घेऊन मोटारीने फिरणार असाल, तर सिकोया राष्ट्रीय उद्यानातल्या ‘जायंट फॉरेस्ट’साठी एक दिवस राखून ठेवाच. घाटाला वळणे फार, म्हणून आल्याच्या वड्या जवळ असू द्या. उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास. उन्हाळ्यातही संध्याकाळी शाल लागते बरं का!

इथला ‘जनरल शर्मन’ वृक्ष २७५ फूट उंच, बुंध्याचा घेर शंभर फुटांवर, वय सुमारे २,२०० वर्षे. आणि या जातीचे बी केवढे? जेमतेम जिऱ्याएवढे!

पूर्वी या झाडांच्या पायथ्याशीच हॉटेल, खोल्या, दुकाने थाटलेली होती. पण यांची मुळे उथळ. माणसांच्या वावराने माती दडपली जाऊन मुळांना इजा होऊ लागली. तेव्हा १९९७ पासून पुढच्या काही वर्षांत पावणेतीनशेहून अधिक इमारती तिथून काढून टाकल्या. १९२८ सालच्या बाजाराच्या इमारतीत आता संग्रहालय आहे, ते मुलांना जरूर दाखवा.

फोटोसाठी मुले कुंपण ओलांडू पाहतील, त्यांना आवरा. दुसऱ्याच्या घरी पाहुण्याने किती पसरावे, हे आपण बायकांनी का कुणाकडून शिकायला हवे?