दोष हाताचा की यंत्राचा?

घरातली वस्तू बिघडली की पहिला दोष जातो तो ती वापरणाऱ्या बाईच्या हाताला. मिक्सर जळाला? "तूच गच्च भरला असशील." कुकरची शिट्टी होईना? "तुला झाकण नीट बसवता येत नाही." मैत्रिणींनो, हे बोल आपल्या कानांना नवे नाहीत. पण आता घरोघरी संगणकही आले आहेत आणि त्यांच्याबाबतीतही तेच चालू आहे.

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. माहेरी माझी वहिनी घरबसल्या टायपिंगची कामं घेते. लातूर म्हणजे शिकवणी वर्गांचं गाव, तिथे सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांना तोटा नाही. दादाचं दुकान बंद पडल्यापासून घरखर्चाचा निम्माअधिक भार याच कामावर आहे. वहिनीचं टेबल खिडकीपाशी, त्यावर दहाएक वर्षांचा जुना डेस्कटॉप, आणि पहाटे चारपासून तिची बोटं चालू.

गेल्या उन्हाळ्यात तो संगणक रुसला. काम करता करता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. कधी पडदा निळा व्हायचा. कधी सकाळी बटण दाबलं की नुसतंच टीं-टीं वाजायचं आणि पडदा काळाच. एके दिवशी तर रात्री जतन केलेली चाळीस पानांची प्रश्नपत्रिका सकाळी उघडेचना. वर्गाच्या संचालकांनी सांगून टाकलं, "पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देतो."

घरात न्यायनिवाडा झाला, तो असा. दादा म्हणाला, "हिला कुठलंही बटण दाबायची सवय आहे." आई म्हणाली, "लातूरचं ऊन बाई, माणसाला सोसवत नाही, यंत्राला काय सोसवणार!" एका दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, "मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या, तीस हजार." वहिनीचा भिशीचा नंबर नुकताच लागला होता. ते पैसे मुलीच्या फीसाठी राखलेले. रात्री तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "काय वो ताई, खरंच माझ्याच हातानं बिघडला का?"

मी इथे एका शाळेत अर्धवेळ शिकवते. लग्नाआधी एमएस-सीआयटी केलेलं, तेवढीच माझी विद्या. पण आमच्या शाळेतल्या संगणक कक्षाचे सर मोठे समजावून सांगणारे. त्यांना मी सगळी लक्षणं सांगितली. ते म्हणाले, "दर वेळी बिघाडाचं रूप वेगळं, आणि जतन केलेलं कामही नासतंय? मग आधी मेमरीच्या पट्ट्या तपासा. त्यांना रॅम म्हणतात. दुकानात नंतर जा."

ही मेमरी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. फडताळातलं सामान ओट्यावर काढायचं, तिथे काम करायचं आणि पुन्हा फडताळात ठेवायचं. आता ओट्याच्या एका कोपऱ्यालाच ओल असेल तर तिथे ठेवलेलं पीठ बिघडणार, आणि तेच बिघडलेलं पीठ आपण डब्यात भरणार. वहिनीची प्रश्नपत्रिका अशीच नासली होती. डबा चांगला होता, ओटा खराब होता.

वहिनीच्या संगणकात चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. अशा एका पट्टीत चौतीस अब्जांहून अधिक इवलीइवली घरं असतात. प्रत्येक घरात विजेचा एक कण साठवायचा, असला तर एक, नसला तर शून्य. ही युक्ती रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याची. त्यांना १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. पण ही घरं गळकी असतात. म्हणून प्रत्येक घर साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे आपली पापणी लवते तेवढ्यात, पुन्हा भरून घ्यावं लागतं. इतक्या घरांतलं एखादं जरी नादुरुस्त झालं तरी घोटाळा होतो.

केवढा घोटाळा? बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथे २००३ च्या निवडणुकीत मतमोजणीच्या यंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा दिली. आकडा अशक्य दिसला म्हणून पुन्हा मोजणी झाली. एकाचे दोन, दोनाचे चार असं बारा वेळा दुप्पट करा, बरोबर ४०९६ येतात. म्हणजे यंत्राच्या स्मरणातलं एकच घर शून्याचं एक झालं असावं, असा निष्कर्ष निघाला. तिथे कुणाच्या हाताचा दोष नव्हता. २००९ साली गूगलच्या हजारो संगणकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक सापडली. आणि आईसाठी मुद्दाम सांगते, उष्णतेचा परिणाम त्यांना अपेक्षेहून फारच कमी आढळला!

सरांनी सांगितलेल्या पायऱ्या मी वहीत उतरवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नांदेडला, वहिनी लातूरला, आणि मध्ये मोबाईलवरचा व्हिडिओ कॉल. दादा दारात उभा होता. "नसतं धाडस करू नका," म्हणाला. वहिनीने पदर खोचला.

आधी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढली. मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगावर नायलॉनची साडी नको, सुती बरी. आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडी भागाला हात टेकवायचा. अंगावरची न जाणवणारी वीजसुद्धा पट्टीला मारक असते. पट्टी कडेनेच धरायची. दोन्ही टोकांच्या कळा बाजूला केल्या की ती वर येते. तिच्या सोनेरी दातांवरून स्वच्छ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, तेही संगणकापासून दूर, म्हणजे कण आत पडणार नाहीत. मग कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं. पाणी, रॉकेल काही नको. पट्टीची खाच बघून ती सरळ बसवायची आणि कळा 'टक्' होईपर्यंत दाबायची. बसत नसेल तर जोर करू नये, बाजू उलटी झालेली असते.

संगणक सुरू झाला! चार दिवस छान चालला. पाचव्या दिवशी पुन्हा निळा पडदा. दादा म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" पण सरांनी हेही सांगून ठेवलं होतं. नुसती धूळ असती तर एवढ्यावर भागलं असतं. आता एकेकीची परीक्षा घ्यायची.

शेंगदाणे खवट लागले तर आपण पोतं फेकत नाही, मूठमूठ चाखून बघतो. तसंच हे. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची चाचणी असतेच. शिवाय 'मेमटेस्ट८६' नावाचं फुकट मिळणारं साधन आहे, ते पेन ड्राइव्हवरून चालतं. वहिनीने पहिली पट्टी एकटीच एका खाचेत बसवली आणि रात्रभर चाचणी लावली. सकाळी एकही चूक नाही. दुसऱ्या रात्री त्याच खाचेत दुसरी पट्टी. पहाटे पडद्यावर लाल ओळीच ओळी! तरीही घाई करायची नाही. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, पुन्हा लाल ओळी. पहिली पट्टी त्या दुसऱ्या खाचेत लावली, ती निर्दोष. म्हणजे दोन्ही खाचा चांगल्या, मदरबोर्ड चांगला. खराब होती ती एकच पट्टी. या चाचणीत एक चूकसुद्धा चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

वहिनीने खराब पट्टी रुमालात बांधली आणि गंजगोलाईकडच्या दुसऱ्या एका दुकानातून तशीच डीडीआर३ ची, वापरलेली पण तपासलेली पट्टी आणली. तीस हजारांची गोष्ट काही शेकड्यांत मिटली. डीडीआर४ ची पट्टी या खाचेत बसत नाही, म्हणून जुनी सोबत नेलेली बरी. नवी पट्टीही तिने रात्रभर चाचणीला लावली, मगच काम सुरू केलं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मोठ्या केंद्रांमुळे जगभर मेमरीचे भाव भडकले, तेव्हा तपासल्याशिवाय काही टाकू नका. बिल असेल तर शोधा. बऱ्याच पट्ट्यांना अनेक वर्षांची हमी असते.

आणखी एक. पट्टी बदलली म्हणजे आधी नासलेलं काम आपोआप सुधारत नाही. वहिनीने त्या महिन्याभराच्या सगळ्या फाइली एकेक उघडून पाहिल्या. सात उघडल्या नाहीत, त्या पुन्हा टाईप केल्या. आता ती रोज संध्याकाळी दिव्याच्या वेळी काम पेन ड्राइव्हवर उतरवते, आणि उतरवलेलं उघडून बघते.

संचालकांचं काम टिकलं, फी वेळेवर भरली गेली. परवा दादाचा फोन आला. "प्रिंटर कागद अडकवतोय गं."

"कुणी बिघडवला?" मी विचारलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "तुझी वहिनी उघडून बघतेय. मी बॅटरी धरून उभा आहे."